जुन्या इनलाइन रायफलीचा पार्ट मिळत नाहीये? मॉडेलचं नाव सोडा, आधी आटे मोजा

समजा नव्वदच्या दशकातली एखादी इनलाइन मझललोडर, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची रायफल, तुमच्या हातात आली, ऑफिसातल्या कुणी शिकार सोडताना दिली म्हणा नाहीतर गॅरेज सेलला स्वस्तात मिळाली म्हणा. नळी आतून चकचकीत, दस्ता धड, पण मागचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा आट्यांचा बूच, झिजलेला किंवा ठिणगी देणारी कॅप ज्यावर बसते तो निपलच गायब, आणि नळीवर कोरलेलं कंपनीचं नाव शोधायला जावं तर कंपनी कधीच बंद पडलेली. मग बहुतेक जण काय करतात, तर मॉडेलचं नाव टाकून जो पहिला पार्ट दिसेल तो मागवतात. तो येतो आणि बसत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे बसल्यासारखा वाटतो. हे दुसरं जे आहे ना ते डेंजर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय. सगळं अमेरिकेबद्दल आहे कारण ही रायफल तिथलीच, आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीचा विषय वेगळा, त्यावर खाली थोडं बोलू.

आधी इनलाइन म्हणजे काय ते बघू. जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकीत घोडा बाजूला असतो, तो कॅपवर आपटतो आणि ठिणगी वळसा घेऊन नळीतल्या दारूपर्यंत जाते. इनलाइनमध्ये कॅप थेट दारूच्या मागे, नळीच्या सरळ रेषेत असते, त्यामुळे वळसा नाही आणि पावसाळी हवेत फुसका बार निघायचं प्रमाण कमी. ही कल्पना तशी जुनीच आहे पण ती बाजारात खपवली ती मिझुरीतल्या टोनी नाइट या बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसानं, १९८५ मध्ये, आणि रायफलीचं नाव ठेवलं एमके-८५, त्यातलं एमके म्हणजे त्याची मुलगी मिशेल नाइट. मझललोडरवाल्यांसाठी हरणांचा वेगळा सीझन बऱ्याच राज्यांत असतो, त्या सीझनला जायचंय पण आजोबांच्या जमान्यातली बंदूक सांभाळत बसायचं नाहीये अशा लोकांना हे फारच सोयीचं पडलं. मग सगळेच या धंद्यात उतरले, थॉम्पसन सेंटर, सीव्हीए, ट्रॅडिशन्स, युटातली व्हाइट, न्यू हॅम्पशायरची गॉनिक, १९९६ मध्ये रेमिंग्टननं आपली ७०० बोल्ट रायफलच मझललोडर करून आणली, पुढच्या वर्षी रुगरची ७७/५० आली.

आणि प्रत्येकानं आपापले आटे काढले. इथंच सगळी गोची आहे. काडतूस असतं तर कारखान्यांना एका मापावर यावंच लागलं असतं, पण ठासणीच्या बंदुकीत काडतूस नाही, त्यामुळे नळीच्या मागच्या तोंडाला कुठल्या मापाचा बूच लावायचा हे ज्यानं त्यानं स्वतः ठरवलं. त्यात एकाच मॉडेलमध्ये चार-पाच वर्षांनी गुपचूप बदलही केले. म्हणजे ‘माझ्याकडे अमुक मॉडेल आहे’ एवढ्यावर पार्ट मागवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

दुसरी भानगड प्रज्वलनाची. सुरुवातीच्या इनलाइन ११ नंबरच्या छोट्या तांब्याच्या कॅपवर चालायच्या, काहींवर मोठी मस्केट कॅप लागायची, मग शॉटगनच्या काडतुसात असतो तो २०९ प्रायमर लोकांनी आणला, तो कितीतरी गरम पेटतो. २००० नंतर मधून मोडून उघडणाऱ्या २०९ वाल्या रायफली आल्या आणि आधीच्या मागे खेचायच्या प्लंजरवाल्या रायफली दुकानातून हळूहळू दिसेनाशा झाल्या. पार्ट दुर्मिळ होण्याचं खरं कारण हेच. बंद पडलेल्या कंपन्यांनी त्यात भर घातली एवढंच.

तर आता पार्टांकडे. माझ्या हिशेबानं यांच्या तीन जाती आहेत आणि तिन्हींना वेगवेगळी वागणूक द्यायची. पहिली जात म्हणजे कुठंही मिळणारं सामान, दस्त्याचे स्क्रू, साध्या स्प्रिंगा, ओ-रिंग, ठासायचा गज, साइट. यासाठी कंपनीच्या मागे लागायची गरजच नाही. गजाच्या टोकाला साफसफाईचा जॅग लागतो त्याचे आटे अमेरिकी मझललोडरात बहुतेक वेळा १०-३२ असतात, नेहमीच्या रायफलच्या क्लीनिंग रॉडला ८-३२ असतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. दुसरी जात म्हणजे चाप, बोल्ट, स्ट्रायकर (कॅपवर आदळणारा भाग), सेफ्टी, हे त्या त्या कंपनीचंच लागतं पण इथं कधीकधी नशीब साथ देतं, उदाहरणार्थ रेमिंग्टन ७०० एमएल ही मुळात ७०० च असल्यामुळे तिचा चाप नेहमीच्या ७०० च्या घराण्यातला, आणि त्या रायफलीचे चाप बनवणारे आजही ढिगानं आहेत. तिसरी जात म्हणजे स्फोटाचा दाब झेलणारे, ब्रीच प्लग आणि निपल. इथं जुगाड नाही म्हणजे नाही.

निपलचंच उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. थॉम्पसन सेंटरसारख्या अमेरिकी बनावटीच्या रायफलीत निपलचे आटे असतात १/४-२८, म्हणजे पाव इंच जाडी आणि एका इंचात २८ आटे. सीव्हीए आणि ट्रॅडिशन्स या नावानं अमेरिकी कंपन्या, पण माल यायचा स्पेनच्या बास्क भागातल्या कारखान्यांतून, तिथं मेट्रिक चालतं, त्यामुळे त्यांचे निपल एम६ बाय १, म्हणजे ६ मिलिमीटर जाडी आणि दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर. आता पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि इंचात २८ म्हणजे दोन आट्यांत साधारण ०.९१ मिलिमीटर. कागदावर फरक किरकोळ दिसतो, आणि दोन्ही निपल टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्याला तर फरक कळतच नाही. पण एम६ चा निपल पाव इंची भोकात घातला की तो आत जातो, थोडा सैल वाटतो, शेवटी कुठंतरी अडकल्यासारखा घट्टही होतो, आणि माणसाला वाटतं बसला. प्रत्यक्षात त्यानं आट्यांची नुसती टोकं पकडलेली असतात. दर चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब मागून येतो तेव्हा ती टोकं सुटली तर निपल कुठल्या दिशेला उडेल? सरळ मागे. आणि मागे काय असतं, तर गालाला दस्ता टेकवून बसलेला तुमचा चेहरा. उलटं केलं, म्हणजे पाव इंचीचा एम६ मध्ये घुसवायला गेलं तर तो सुरूच होत नाही, आणि पाना लावून जोर केला तर प्लगचे आटे जातात, म्हणजे निपल आणायला गेलात आणि प्लगही गमावलात.

म्हणून दोन वस्तू घ्या, एक डिजिटल व्हर्नियर आणि एक आटे मोजायची पट्टी, पिच गेज म्हणतात ती, इंची आणि मेट्रिक दोन्ही असलेली. दोन्ही मिळून एका चुकीच्या पार्टाच्या किमतीत येतात. जुना प्लग किंवा निपल ब्रशनं नीट साफ करा, नाहीतर काजळीमुळे माप चुकतं, मग आट्यांच्या बाहेरची जाडी, आट्यांचा पिच (दोन आट्यांतलं अंतर), एकूण लांबी, आट्यांच्या पुढे जो साधा भाग असतो त्याची लांबी आणि पुढचं तोंड सपाट आहे की निमुळतं, हे सगळं लिहून काढा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. पुढचं तोंड महत्त्वाचं आहे बरं का, कारण बऱ्याच रायफलीत गॅस आट्यांनी अडत नाही, प्लग पुढच्या कडेवर बसून सील होतो, आणि लांबीत थोडा फरक पडला तरी गॅस आट्यांत शिरून प्लग जाम व्हायला सुरुवात होते.

प्लग निघतच नसेल तर? हे कॉमन आहे, काळी दारू आणि तिच्याऐवजी वापरतात ती पायरोडेक्स, दोन्हींची राख हवेतली ओल ओढून घेते आणि आधीच्या मालकानं सीझन संपल्यावर साफ न करता ठेवली असेल तर प्लग आणि नळी एकजीव झालेली असतात. पण तेल ओतायच्या आधी, पाना लावायच्या आधी, हातोडी उचलायच्या आधी एक गोष्ट, रायफल भरलेली तर नाही ना ते बघा. ठासणीच्या बंदुकीत गोळी काढून घ्यायला मॅगझिन नसतं, वीस वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळी आत तशीच असू शकते आणि असते. कॅप काढलेली आहे याची खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, गज नळीत पूर्ण खाली सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलनं खूण करा, मग गज बाहेर काढून तीच खूण तोंडाशी धरून नळीच्या बाहेरून आडवा लावा. टोक प्लगच्या पुढच्या तोंडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी, दोन-तीन इंच आधीच संपलं तर आत काहीतरी आहे. रिकाम्या नळीत गज सोडला की ठण्ण आवाज येतो, भरलेल्या नळीत दबका येतो, पण नुसत्या आवाजावर जाऊ नका, खूण करूनच बघा. आत काही सापडलं तर तिथंच थांबा आणि गनस्मिथकडे न्या.

रिकामी असेल तर गंज सोडवणारं तेल मागून आणि पुढून सोडून काही दिवस मुरू द्या, घाई नको, आणि पाना त्याच प्लगचा हवा, कारण बऱ्याच प्लगना नटासारखं षटकोनी डोकं नसतं, खाचा असतात आणि त्या साध्या पान्यानं घसरून गोल होतात. गॅसच्या बर्नरनं नळी तापवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता कुठल्या कंपनीचं काय ते बघू, कारण पार्ट शोधणं म्हणजे अर्धं काम वंशावळ शोधण्याचं आहे. जुन्या बजाज स्कूटरचा पार्ट जसा शोरूममध्ये मिळत नाही पण योग्य गल्लीत गेलं की मिळतो, तसंच हे.

नाइटच्या जुन्या रायफलींवर नाइट हे नाव ठळक असेलच असं नाही, त्यावर मॉडर्न मझललोडिंग असं कोरलेलं असतं, अगदी सुरुवातीच्यांवर लँकेस्टर, मिझुरी आणि नंतरच्यांवर सेंटरव्हिल, आयोवा. ही मूळ कंपनी २००९ मध्ये बंद झाली, नंतर ते नाव टेनेसीतल्या अथेन्स गावच्या एका कंपनीनं घेतलं आणि तिथून नाइट रायफली पुन्हा निघू लागल्या. म्हणजे नाइटवाल्यांनी आधी तिथं विचारावं. जुन्या ११ नंबरच्या नाइटला २०९ वर नेणारे कन्व्हर्जन संच पण निघाले होते, पण त्यात नुसता प्लग बदलून भागत नाही, बोल्टचं तोंड आणि स्ट्रायकरसुद्धा जोडीनं बदलावं लागतं, हे विसरून लोक अर्धाच संच घेतात. संच घेणार असाल तर आख्खा घ्या, दोन ठिकाणचे अर्धे जोडू नका. खरं तर मला विचाराल तर ११ नंबरची रायफल ११ वरच राहू द्यावी, काळी दारू किंवा पायरोडेक्सची सुटी पावडर त्यावर मस्त पेटते, २०९ ची खरी गरज ब्लॅकहॉर्न २०९ सारखी पेटायला अवघड दारू वापरायची असेल तरच.

थॉम्पसन सेंटर म्हणजे टी/सी, न्यू हॅम्पशायरच्या रोचेस्टर गावची, २००७ मध्ये स्मिथ अँड वेसननं घेतली, पुढं कारखाना मॅसॅच्युसेट्सला हलला, २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसननं ती विकायला काढली, आणि २०२४ मध्ये ती पुन्हा वेगळ्या मालकाकडे गेली. एन्कोर, ओमेगा, ट्रायम्फ या रायफली इतक्या खपल्यात की त्यांचे ब्रीच प्लग दुसरे लोकही बनवतात, त्यांची काळजी नाही. अडचण येते ती थंडर हॉक, ग्रे हॉक, स्काउट अशा आधीच्या मॉडेलांची. ब्लॅक डायमंडवाले त्यातल्या त्यात नशीबवान, ती ११ नंबर, मस्केट कॅप आणि २०९ अशा तिन्हींवर चालावी म्हणूनच बनवली होती.

सीव्हीएचं मात्र नीट ऐका. १९९७ मध्ये कंपनीनं स्वतःच्या इनलाइन रायफली परत मागवल्या होत्या, ज्यांच्या नळीवरच्या सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ आहेत त्या. कारण दोष नळीतच होता. हे आकडे दिसले तर पार्ट शोधायचा नाही, चालवायची नाही, दुसऱ्याला विकायची तर अजिबात नाही. तरी अशा रायफली अजून बाजारात फिरतात कारण विकणाऱ्यालाच माहीत नसतं, म्हणून जुनी सीव्हीए बघायला गेलात तर किंमत विचारायच्या आधी सिरीयल नंबर वाचा. बाकीच्या सीव्हीएत मुख्य फाटा २०१० चा आहे, त्या सुमारास हातानं फिरवून निघणारा ब्रीच प्लग आला, आधीच्यांना पाना लागतो. म्हणून ऑप्टिमा हे नाव दोन्हींवर असलं तरी प्लग एकमेकांत बसत नाहीत.

सॅव्हेज १०एमएल हे वेगळंच प्रकरण. ही रायफल स्मोकलेस, म्हणजे आधुनिक काडतुसात असते त्या बिनधुराच्या दारूसाठीच बनवलेली होती, तिच्या प्लगच्या पुढं एक चिमुकला व्हेंट लायनर असतो, स्क्रूसारखा, आणि तो झिजणारच असतो, तो बदलत राहायचा. पण सॅव्हेजवाल्या मित्राकडून ऐकून दुसऱ्या कुठल्याही जुन्या इनलाइनमध्ये स्मोकलेस टाकली तर नळी फाटते, यात जर-तर नाही.

व्हाइट, गॉनिक, ऑस्टिन अँड हॅलेक वगैरेंसाठी सरळ न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूमरिक गन पार्ट्सकडे बघायचं, १९५० पासूनचं दुकान आहे, बंद पडलेल्या कंपन्यांचा उरलेला साठा विकत घेणं हाच त्यांचा धंदा. त्यांच्याकडे मॉडेलवार सुट्या भागांची चित्रं असतात आणि पार्ट स्टॉकमध्ये नसला तरी ते चित्र कामाचं आहे, कारण त्यावरून पार्टचा मूळ नंबर कळतो आणि मग तो नंबर घेऊन बाकी ठिकाणी शोधता येतं. नंबरानं शोधलं की कधीकधी कुठल्यातरी खेड्यातल्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं सीलबंद पाकीट निघतं. स्प्रिंगा, पिना, स्क्रू आणि अवजारांसाठी आयोवाची ब्राउनेल्स आहे.

आणि एक मार्ग जो लोक कमी वापरतात, तो म्हणजे तीच रायफल मेलेल्या अवस्थेत विकत घेणं. नळी गंजून गेलेली एमके-८५ कुणीच घेत नाही, पण तिचा बोल्ट, चाप, पाना, सगळं चांगलं असतं, आणि पूर्ण मुडदा कधीकधी एका बोल्टपेक्षा स्वस्त पडतो. फक्त त्यातला ब्रीच प्लग वापरायचा असेल तर भिंगातून आटे बघा, चीर किंवा गंजाचे खड्डे असतील तर तो शोकेसमध्ये ठेवा. ज्योत जाण्याचं भोकही बघा, नवीन असताना ते साधारण ०.०३० इंचाच्या आसपास असतं, वापरून मोठं होत जातं आणि मग गॅस मागे फेकायला लागतो. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी गेज म्हणून वापरता येते, ०.०३५ ची दांडी आरामात आत जात असेल तर तो बदलायला झाला.

ओळखीच्या लेथवाल्याकडून प्लग बनवून घ्यायचा मोह होतो, मला कळतं, आपल्या लोकांना तर होतोच, ‘त्यात काय आहे, एक बोल्टच तर आहे’. लेथवाला आटे झकास काढेल, पण पोलाद कुठलं, त्याला पाणी किती दिलंय, पुढची कड कशी हवी हे त्याला माहीत नसतं आणि ते काम त्याचं नाहीच. हे काम करायचंच तर मझललोडरवर काम करणाऱ्या गनस्मिथकडून, आणि त्याची मजुरी ऐकल्यावर हिशेब मांडा, कारण सीव्हीएची साधी नवी वुल्फ तीनशे डॉलरच्या आसपास मिळते. रायफलीशी काही नातं असेल तर खर्च करा, नसेल तर जुनी भिंतीवर लावा.

कायद्याचं थोडक्यात. १९६८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यात अशी मझललोडर अँटिक धरली जाते, त्यामुळे पार्ट पोस्टानं घरी येतात. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ एन्कोर, कारण तिच्यावर काडतुसाची नळीही चढते, म्हणून तिची फ्रेम म्हणजे बंदूकच. आणि राज्यांचे कायदे वेगळे, एडिसनवाल्यांनी विशेष लक्ष द्या, न्यू जर्सीत बार काढता येईल अशी मझललोडर घ्यायलाही फायरआर्म आयडी कार्ड लागतं. सीझनचे नियमही बघून पार्ट निवडा, आयडाहोत मझललोडरच्या खास सीझनला २०९ चालत नाही, पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा सीझन फक्त चकमकीच्या बंदुकीचा, तिथं तुमची इनलाइन कितीही छान दुरुस्त केली तरी उपयोग नाही.

आता आपल्याकडचं. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, आणि अमेरिकेतून सुट्टीला जाताना काकांसाठी दोन निपल, एखादी स्प्रिंग बॅगेत टाकावी असं कुणाच्या मनात येऊ शकतं. अजिबात नको. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात आणि ते आणायला परवाना लागतो, विमानतळावर कस्टमवाल्याला ‘छोटासा तर आहे’ सांगून सुटका होणार नाही.

शेवटचं काम, पार्ट आल्यावरचं. आधी कोरडा बसवून बघा, बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मध्ये अडला तर काढा आणि आटे साफ करून पुन्हा, पान्यानं नुसतं शेवटी आवळायचं. मग आटे जाम होऊ न देणारं अँटीसीझ ग्रीस किंवा टेफ्लॉन टेप, नाहीतर पुढच्या सीझनला पुन्हा तेलात भिजवत बसाल. डोळ्यांना चष्मा लावून, सुरक्षित दिशेला, नुसती कॅप मारून बघा, मग कंपनीनं दिलेल्या मर्यादेतल्या सगळ्यात कमी दारूवर पहिले बार, रायफल खांद्याला न लावता रेस्टवर ठेवून, दोरीनं. प्रत्येक बारानंतर प्लगच्या मागची बाजू बघा. प्रायमरभोवती थोडी काजळी चालते, पण बोल्टच्या तोंडावर आणि स्कोपच्या खालच्या बाजूला काळे फराटे दिसले तर प्रायमर आणि बोल्ट यांच्यात फट राहतेय, त्याला ओ-रिंग किंवा शिम (पातळ चकती) लागेल. आणि फराटे आट्यांमधून येत असतील तर प्लग चुकीचा आहे, परत पाठवा.